बाहेरच्या ड्राइव्हवरचा बॅकअप वेळेला उपयोगी पडेल का, हे कसं तपासायचं?

सदाशिवपेठकरीण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, आत ५१२ जीबीची एसएसडी, सी आणि डी अशी दोन पार्टिशनं. बाहेर २ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क आणि तिच्यावर फाइल हिस्टरी (विंडोजमधलीच बॅकअपची सोय) चालू. कंट्रोल पॅनेलमध्ये शेवटची प्रत घेतल्याची वेळ रोज ताजी दिसते, तक्रारीचा संदेश कधी नाही. तरी खात्री वाटत नाही, कारण आकडे जुळत नाहीत. सी वरचं माझं यूजर फोल्डर १८७ जीबी, डी वरचं ‘कामं’ नावाचं फोल्डर ९४ जीबी. ड्राइव्हवरचं फाइल हिस्टरीचं फोल्डर मात्र जेमतेम १२१ जीबी. फाइल हिस्टरी जुन्या आवृत्त्याही ठेवते म्हणतात, मग माप जास्त हवं ना? शिवाय तिथल्या प्रत्येक फाइलच्या नावामागे कंसात तारीख आहे आणि वेळ भलतीच.

काम मराठी डीटीपीचं आणि भाषांतराचं. घरच्या दुकानाचं टॅलीही याच लॅपटॉपवर. मुलीचं मॅकबुक आहे, त्याचा बॅकअप याच ड्राइव्हवर घेता येईल का? ‘सगळं ठीक’ या पाटीच्या पलीकडे नेमकं काय तपासायचं आणि त्याला किती वेळ लागतो, ते सांगा.

कर्वेरोड_कमांडलाइन

ती वेळ एवढंच सांगते की काम सुरू झालं आणि संपलं. काय घेतलं, काय गाळलं, हे ती सांगत नाही. तुमचा हिशेब मात्र लागण्यासारखा आहे.

आधी डी. फाइल हिस्टरी लायब्ररी, डेस्कटॉप, कॉन्टॅक्ट्स, फेव्हरिट्स आणि वनड्राइव्हमधल्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या) लॅपटॉपवर उतरवलेल्या फाइली एवढंच घेते. डी वरचं फोल्डर कुठल्याही लायब्ररीत नसेल तर ते ९४ जीबी कधीच घेतलेले नाहीत. म्हणजे ज्यावर पोट चालतं तेच बाहेर. फोल्डरवर राइट क्लिक → ‘शो मोअर ऑप्शन्स’ → ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ असं करून ते आत घेता येतं. पण एवढ्या मोठ्या कामाच्या फोल्डरसाठी मी वेगळी साधी प्रत सुचवेन, फ्रीफाइलसिंक या फोल्डर ताडून प्रत घेणाऱ्या सॉफ्टवेअरने. घरगुती वापराला फुकट आहे, आणि पुढे तपासायलाही तेच लागणार आहे.

आता सी. १८७ मध्ये लपवलेलं ॲपडेटा फोल्डर धरलेलं आहे. ते सहज वीस-तीस जीबी असतं आणि फाइल हिस्टरी ते घेत नाही. डाउनलोड्सही लायब्ररीत नसतं. नंतर वनड्राइव्ह बघा. ज्या फाइलपुढे ढगाचं चिन्ह आहे ती लॅपटॉपवर नाहीच, नुसती पाटी आहे. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ पूर्ण दिसतं आणि ‘साइझ ऑन डिस्क’ शून्य. ज्या ढगवाल्या फाइली हव्या आहेत त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. ही तिन्ही मापं वजा केल्यावर १२१ च्या आसपास यायला हवं. आलं नाही तर कंट्रोल पॅनेल → फाइल हिस्टरी → ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ मध्ये अगदी खाली इव्हेंट लॉगचा दुवा आहे, तिथे गाळलेल्या फाइलींच्या नोंदी सापडतात.

त्या नोंदींत हमखास दिसतो तो लांब पत्त्यांचा घोळ. विंडोजमध्ये पुष्कळ ठिकाणी अजून पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची मर्यादा लागते. फाइल हिस्टरी नावामागे तारीख-वेळ जोडते तीच २६ अक्षरं, शिवाय पुढे तिच्या स्वतःच्या फोल्डरांची उतरंड. मराठी नावं ठेवणाऱ्यांनी जास्त जपायला हवं, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. ‘किल्ला’ आपल्याला दोन अक्षरी वाटतो, विंडोजच्या लेखी सहा. फोल्डरात फोल्डर आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे अख्खं वाक्य, असं असेल तर आधी नावं छाटा.

वेळ भलती नाही, ती यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. साडेपाच तास मिळवा: ०९_३०_१२ म्हणजे आपले दुपारचे ३ वाजून १२ सेकंद.

आता खरी तपासणी. नावांमागे तारखा असल्यामुळे मूळ फोल्डर आणि ड्राइव्हवरचं फोल्डर थेट ताडून पाहता येत नाहीत, प्रत्येक फाइल वेगळीच दिसेल. म्हणून आधी परत आणायचं, मग ताडायचं:

१. फाइल हिस्टरीत ‘रन नाऊ’ दाबा. ते संपलं की त्या फोल्डरातल्या कशालाही हात लावू नका.
२. ड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा आणि पुन्हा लावा. नुकतंच लिहिलेलं विंडोज रॅममधून वाचून दाखवू शकतं. मग तुम्ही डिस्क नव्हे, रॅम तपासत बसता.
३. ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’ मध्ये एक फोल्डर निवडा, हिरव्या बटणावर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर टू’ घ्या आणि वेगळ्या रिकाम्या जागी उतरवा. साधं हिरवं बटण दाबू नका, ते मूळ जागी लिहायला जातं.
४. फ्रीफाइलसिंकमध्ये डावीकडे मूळ, उजवीकडे उतरवलेलं. तुलनेचा प्रकार ‘फाइल कंटेंट’. नुसतं ‘फाइल टाइम अँड साइझ’ ठेवलंत तर आत कचरा असला तरी ‘सारखं’ म्हणेल.
५. ‘कम्पेअर’ दाबून निकाल वाचा. ‘सिंक्रोनाइझ’ला या कामात अजिबात हात लावायचा नाही.

लॅपटॉपवर १२१ जीबी मोकळे नसतील, तर एकेक फोल्डर करा. वेळ: बाहेरची फिरती डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, म्हणजे ९४ जीबीला पाव तास. बारीक फाइली हजारोंनी असतील तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. पाऊण तास उलटून गेला आणि फाइली मोठ्या आहेत, तर केबल जुनी यूएसबी २ ची आहे किंवा भोक चुकलंय.

लिपीकार

फाइल परत येणं आणि फाइल वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीटीपीत तर फारच.

जुनी कामं श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा बिगर-युनिकोड फॉन्टांत असतील तर ती फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. फाइल शंभर टक्के शाबूत, हॅश (आशयावरून काढलेला फाइलीचा ठसा) तंतोतंत, उपयोग शून्य. फॉन्ट राहतात सी वरच्या विंडोज → फॉन्ट्स मध्ये, नाहीतर फक्त आपल्यापुरते बसवले असतील तर ॲपडेटा → लोकल → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → फॉन्ट्स मध्ये. दोन्ही जागा फाइल हिस्टरीच्या बाहेर. लागणाऱ्या सगळ्या फॉन्ट फाइली ‘कामं’च्या आत एका फोल्डरात कॉपी करून ठेवा, आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचे तपशील कागदावर.

इनडिझाइनच्या फाइलीत चित्रं नसतात, त्यांचे पत्ते असतात. पुस्तक संपलं की ‘पॅकेज’ करा. फॉन्ट आणि चित्रं एकत्र गोळा होतात. मग ते पॅकेज ड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर उघडा. ‘मिसिंग लिंक्स’ची यादी आली तर कुठली चित्रं अजून जुन्या डेस्कटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर राहिलीत ते लगेच कळतं.

युनिकोडमधलं काम असेल तर हा त्रास जवळजवळ नाही. युनिकोडकडे वळायला हे आणखी एक कारण, पण ते भांडण वेगळ्या धाग्यात.

जमाखर्च

टॅलीपुरतं सांगतो. टॅलीप्राइमचा डेटा जागा बदललेली नसेल तर सी → यूजर्स → पब्लिक → टॅलीप्राइम → डेटा इथे असतो. ‘पब्लिक’ म्हणजे तुमच्या यूजर फोल्डरच्या बाहेर, त्यामुळे तुमच्या त्या १८७ जीबीत तो धरलेलाच नाही. टॅली उघडं असताना फोल्डर कॉपी करू नका. काही फाइली आधीच्या क्षणाच्या आणि काही नंतरच्या, अशी खिचडी होते. ऑल्ट+वाय → बॅकअप वापरा आणि बॅकअपची जागा ‘कामं’मध्ये द्या.

तपासायला वेगळं, कोरं फोल्डर करा आणि ऑल्ट+वाय → रिस्टोअर मध्ये तेच ठिकाण द्या. चालू डेटाच्या फोल्डरावर रिस्टोअर केलंत तर आजच्या नोंदींवर जुना डेटा बसतो आणि विचारलेल्या प्रश्नाला घाईत ‘यस’ म्हटलं की संपलं. उतरलेली कंपनी उघडून तेरीज (ट्रायल बॅलन्स), शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक आणि रोख-बँकेची शिल्लक मूळ कंपनीशी ताडा. दुसऱ्या मशीनवर परवाना नसेल तर एज्युकेशनल मोडमध्ये उघडून बघता येतं. फक्त तिथली टॅलीची आवृत्ती तुमच्यापेक्षा जुनी नको, नव्या आवृत्तीचा डेटा जुनी उघडत नाही.

बूटपॉलिश

वर सगळे फाइलींबद्दल बोलतायत. उद्या एसएसडीच गेली तर विंडोज, टॅली, श्री-लिपी सगळं पुन्हा बसवत दोन दिवस जाणार. ते परवडत नसेल तर डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट हुबेहूब प्रत घ्या. व्हीम एजंटची फुकट आवृत्ती चालते. मॅक्रियमची फुकट आवृत्ती सुचवणारे जुने लेख सोडून द्या, तिचे अपडेट १ जानेवारी २०२४ पासून बंद आहेत.

प्रतिमेची परीक्षा विंडोजच्या आत बसून होत नाही. रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा: डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, एसुसवर एस्केप. आत गेल्यावर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत, बाहेरच्या ड्राइव्हवरची प्रतिमा आणि लॅपटॉपच्या आतली एसएसडी. दुसरी पुष्कळदा दिसत नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि रेस्क्यू पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. अशा वेळी प्रतिमा उत्तम, उतरवायला डिस्कच नाही. पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपवर बनवा, ‘या मशीनचे ड्रायव्हर घ्या’ हा पर्याय टिकवा. तरी दिसली नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर त्यात घाला. रिस्टोअरच्या शेवटच्या पडद्यापर्यंत जा, कुठली प्रतिमा कुठल्या डिस्कवर ते नीट वाचा आणि तिथून मागे फिरा. शेवटचं बटण दाबायचं ते एखादी रिकामी एसएसडी हाताशी असेल तेव्हाच.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, विसरू नका. विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप आपण न सांगता एनक्रिप्ट झालेले असतात. सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की छापून कपाटात ठेवा. बाहेरच्या ड्राइव्हलाही बिटलॉकर लावलं असेल तर त्याचीही. ड्राइव्हची किल्ली त्याच लॅपटॉपवरच्या टेक्स्ट फाइलीत ठेवणं म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीत.

सफरचंदवाली

मॅकबुकसाठी हा ड्राइव्ह वापरू नका. टाइम मशीनला (मॅकमधल्या बॅकअपच्या सोयीला) ड्राइव्ह निवडून दिला की मॅक तो पुसून एपीएफएस या स्वतःच्या पद्धतीत फॉरमॅट करायची परवानगी मागतं. ‘हो’ म्हटलंत की तुमची फाइल हिस्टरी गेली. वेगळा ड्राइव्ह घ्या, मॅकच्या डिस्कच्या निदान दुप्पट.

मॅकवरही ढगाचा तोच प्रकार. फोटोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर असतात आणि टाइम मशीनमध्ये येतात फक्त छोट्या प्रती. ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ करून मगच बॅकअपवर विसंबा. ऑप्शन दाबून टाइम मशीनच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘व्हेरिफाय बॅकअप्स’ असं काही दिसायला हवं, असं वाचून लोक शोधत बसतात. तो पर्याय नेटवर्कवरच्या बॅकअपसाठी आहे, यूएसबी ड्राइव्हला नाही. यूएसबीवर डिस्क युटिलिटीतलं ‘फर्स्ट एड’ चालवा, मग टाइम मशीनमध्ये महिनाभर मागे जाऊन एक फोल्डर डेस्कटॉपवर उतरवा. दुसरं मॅक मिळालं तर ड्राइव्ह त्याला लावून मायग्रेशन असिस्टंट उघडा. बॅकअप यादीत दिसला, पासवर्ड घेतला गेला आणि यूजर खात्याचं माप बरोबर दिसलं की मागे फिरा.

काटकसरी

ड्राइव्हची तब्येत कुणी काढलीच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो बसवा आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींचे ‘रॉ’ आकडे बघा. तिन्ही शून्य हवेत. सी५ शून्य नाही म्हणजे काही जागा डिस्कला वाचता येत नाहीयेत. आहे ते दुसरीकडे उतरवून घ्या आणि तिला निवृत्त करा. सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक जोडणीचा असतो, डिस्कचा नाही. काही यूएसबी केसेस ही माहिती बाहेरच येऊ देत नाहीत. तेव्हा वरची आशय-तुलना हीच परीक्षा, कारण तिला प्रत्येक बाइट वाचावा लागतो.

केबल बदलायची तर पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, पण नुसतं निळं टोक बघून घेऊ नका. मोठी फाइल कॉपी करून वेग बघा. ३५-४० एमबीवर अडकला तर ती यूएसबी २ सारखीच चालतेय. दीड हजारात ‘४ टीबी एसएसडी’ मिळाली म्हणून दुसरा बॅकअप तिच्यावर घेणार असाल, तर आधी एच२टेस्टडब्ल्यू (क्षमता खरी का, ते तपासणारं साधन) पूर्ण क्षमतेवर चालवा. नकली माल क्षमता भरली की जुन्यावरच लिहायला लागतो आणि फाइलींची नावं मात्र सगळी दिसत राहतात.

हॅश आणि तुलना रोज करायचं काही कारण नाही. महिन्याला दहा फाइली दुसऱ्या लॅपटॉपवर उघडा: सगळ्यांत जुनी, कालची, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत खोल फोल्डरातली, लांबलचक मराठी नावाची. झिप असेल तर ७-झिपमधलं ‘टेस्ट’. फोटो पूर्ण खालपर्यंत बघा, अर्धवट फाइलीचा खालचा भाग करडा येतो. व्हिडिओ शेवटच्या मिनिटाला नेऊन चालवा. पूर्ण तुलना वर्षातून दोनदा पुरे.

आणि ड्राइव्ह कायम खोचलेला ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) लॅपटॉपमध्ये शिरलं तर तोही त्याच्या हाती लागतो. दुसरी प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो नदी-ओढ्यापासून लांब आणि वरच्या मजल्यावर. पुण्यातला २५ सप्टेंबर २०१९ चा आंबिल ओढ्याचा पूर आणि जुलै २०२४ मधला एकतानगरीचा, दोन्ही वेळा तळमजल्यावरचा लॅपटॉप आणि शेजारच्या कपाटातला ड्राइव्ह एकाच पाण्यात असणार होते.

सदाशिवपेठकरीण

सर्वांचे आभार. डी खरंच लायब्ररीत नव्हतं, आणि ॲपडेटा, डाउनलोड्स, ढगवाल्या फाइली वजा केल्यावर हिशेब दोन जीबीच्या आत आला. फॉन्ट हलवले. ‘कामं’ची वेगळी प्रत फ्रीफाइलसिंकने दोन आठवडे घेतेय. आज ‘फाइल कंटेंट’ने ताडलं तर एकच फाइल वेगळी निघाली. माप तेच, तारीखही दोन्हीकडे मार्चमधली. ग्राहकांची कागदपत्रं पासवर्डच्या कुलपात ठेवलेली २० जीबीची वेराक्रिप्टची फाइल. ड्राइव्ह खराब होतोय का?

कर्वेरोड_कमांडलाइन

आधी तीच तुलना पुन्हा करा. दर वेळी वेगवेगळ्या फाइली वेगळ्या निघाल्या तर केबल किंवा रॅमवर संशय घ्यायचा. तुमची एकच, आणि तीही वेराक्रिप्टची, म्हणजे ड्राइव्ह बहुधा निर्दोष आहे.

वेराक्रिप्ट मूळ सेटिंगमध्ये डब्याची, म्हणजे त्या कुलूपबंद फाइलीची, तारीख मुद्दाम बदलत नाही. आत काल कागद टाकले तरी बाहेरून मार्चच दिसतो, आणि डब्याचं माप ठरलेलं असल्यामुळे तेही तेच. तारीख आणि माप बघून कॉपी ठरवणाऱ्या साधनाला, म्हणजे तुमच्या रोजच्या फ्रीफाइलसिंकला किंवा विंडोजच्या रोबोकॉपीला, काही बदललंय हे कळतच नाही. तुमच्या ड्राइव्हवर पहिल्या दिवशीची प्रत आहे, त्यानंतरचं काहीही नाही.

वेराक्रिप्टमध्ये सेटिंग्ज → प्रेफरन्सेस मध्ये ‘प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टँप ऑफ फाइल कंटेनर्स’ ची खूण काढा. डबा एकदा उघडून आत एखादी फाइल बदला, मग ‘अनमाउंट’ (जुन्या आवृत्त्यांत ‘डिसमाउंट’) करा, तारीख आजची झालेली बघा आणि तेव्हाच प्रत घ्या. उघड्या डब्याची प्रत घेतली तर ती अर्धवट निघू शकते. नंतर दुसऱ्या लॅपटॉपवर वेराक्रिप्ट टाकून ड्राइव्हवरचा डबा ‘रीड-ओन्ली’ उघडा. पासवर्ड चालला आणि कालचा कागद आत दिसला तर झालं. त्याच बैठकीत ‘टूल्स’मधून ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ करून ती छोटी फाइल डब्यापासून वेगळ्या जागी ठेवा. हेडर बिघडलं तर पासवर्ड बरोबर असूनही २० जीबी न उघडण्याची वेळ येऊ शकते.